एक नग, आधीच्या ओरखड्यांसकट

ताईंना अख्ख्या जगात एकाच वाक्याची चीड होती, आणि नेमकं तेच वाक्य त्यांना दिवसातून दहा वेळा ऐकावं लागे: "सामान तसं थोडंच आहे हो."

ताईंचा धंदा घरसामान हलवण्याचा. फोनवर गिऱ्हाईक म्हणणार, दोन खोल्या, एक कपाट, चार भांडी, बस्स. ट्रक घेऊन दारात जावं तर माळ्यावरून तीन पिढ्यांचं भंगार खाली येणार, गच्चीतून अठ्ठावीस कुंड्या येणार, आणि सगळं चढवून दोर आवळल्यावर मालक हळूच म्हणणार, "आणि हो, एक छोटीशी काचेची पेटी आहे. माशांसकट." सव्वीस वर्षांत एक गिऱ्हाईक ताईंशी खरं बोललं असेल तर शपथ. म्हणून त्यांनी नियमच केला होता. फोनवर भाव सांगायचा नाही, स्वतः जाऊन बघायचं. प्रत्येक वस्तूला नंबर चिकटवायचा आणि यादीत लिहायचा. यादीत एक रकाना होता, 'आधीचे ओरखडे'. जे काही तडकलेलं, मोडलेलं, पोचा आलेलं असेल ते तिथे लिहून खाली गिऱ्हाइकाची सही घ्यायची, नाहीतर आजोबांच्या लग्नातला ओरखडा लोक खुशाल तुमच्या गळ्यात मारतात. यादीत आहे ते पोचणार, यादीत नाही ते ट्रकमधून उतरणार नाही. या बाबतीत ताई सख्ख्या भावाचंही ऐकत नसत.

सख्खे भाऊ दोन, आणि दोघेही धंद्यातच. धाकटा ट्रक चालवी. वयाची त्रेचाळिशी आली, केस पांढरे झाले, तरी त्याला सगळे धाकटाच म्हणत. मधला बापू हा मुकादम, आणि बापूची बायको, म्हणजे ताईंची वहिनी, खोके भरून त्यांवर नावं घाली. बापू म्हणजे त्या धंद्यातला कलाकारच होता. अरुंद जिन्यातून कपाट असं वळवी की कपाटालाही कळू नये. वर त्याला सामान वाचता येई. कुणाच्या घरी गेला की अर्ध्या तासात ताईंच्या कानात पुटपुटे, "इथे नवरा-बायकोचं बोलणं बंद आहे," किंवा "या घरातला मुलगा आता परत यायचा नाही, त्याची पुस्तकं नीट बांधा." आणि ते कधी चुकत नसे.

आणि बापू पीत असे.

हे वाक्य मात्र ताईंनी आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं. गिऱ्हाईक विचारी, मुकादम का नाही आले? ताई सांगत, ताप आहे. गेल्या वर्षात बापूला एकोणतीस वेळा ताप आला होता. एका जुन्या गिऱ्हाइकाने तर कळवळून त्याच्यासाठी काढ्याची बाटली पाठवली. बापूने काढा ओतून दिला आणि बाटली मात्र जपून ठेवली.

त्याचं लपवणंही अजबच होतं. एकदा ताईंना गोडाऊनच्या कोपऱ्यात, रिकाम्या गोणपाटांखाली, एक खोका सापडला. खोक्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'काच. सहा नग. सांभाळून. ही बाजू वर. – बापू.' आत सहा बाटल्या होत्या, प्रत्येक कागदात गुंडाळलेली. चोरून पिणारा माणूस खोक्यावर नाव कशाला घालील? पण या घराण्याचा हा दोषच होता. बिननावाचा खोका त्यांच्याच्याने बघवत नसे. खोका बंद झाला की हात आपोआप पेनाकडे जाई, त्यात डोक्याचा काही संबंध नसे.

हे सगळं असंच रेटत गेलं असतं. पण एका दिवशी घरच्या डॉक्टरांनी बापूचं पोट दाबून पाहिलं, दोनदा दाबलं, तपासण्यांचे कागद उलटे-सुलटे केले आणि म्हणाले, "आणखी एक वर्ष हे असंच चाललं, तर पुढच्या वर्षी मला दाखवायला आणू नका. कारण आणायला माणूस नसेल." घरी आल्यावर बापू म्हणाला, "मला काय धाड भरलीय? डॉक्टरच जरा घाबरट आहे." ताईंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी रडत नव्हत्या. एरवी त्या एवढ्या-तेवढ्यावरून डोळ्यांत पाणी आणत, आणि आता मुकाट्याने चिकटपट्टीचं टोक शोधत बसल्या होत्या. त्या रडल्या असत्या तर ताईंना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी कंबर कसली. गिऱ्हाइकं जशी त्यांच्याकडे भाव मागत, तसे त्यांनी व्यसन सोडवणाऱ्या संस्थांकडे भाव मागवायला सुरुवात केली.

पहिली संस्था तळ्याकाठी होती. फोनवरच्या मुलीचा आवाज इतका गोड होता की ताईंना वाटलं, हिलाच ठेवून घ्यावं कार्यालयात. "आमच्याकडे पोहण्याचा तलाव आहे, बाग आहे, आणि घोडे आहेत," ती म्हणाली.

"घोडे कशाला?"

"घोड्यांच्या सहवासात पेशंटला स्वतःचा शोध लागतो, मॅडम."

"आमचा पेशंट गोडाऊनमध्येच सापडतो हो. खर्च किती?"

मुलीने आकडा सांगितला. तेवढ्यात एक नवा ट्रक आला असता, आणि उरलेल्या पैशांत घोडाही.

दुसरे गृहस्थ एकटेच होते. त्यांच्याकडे एक पूड होती. चहातून द्यायची, पिणाऱ्याला ताकास तूर लागू द्यायची नाही, तीन दिवसांत दारूचा वास सहन होत नाही, गॅरंटी. ताईंनी विचारलं, "गॅरंटी लेखी देता का? तुमच्या सही-शिक्क्याने?" तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

तिसरं सरकारी रुग्णालय. तिथे पैसे पडत नव्हते, पण रांग चार महिन्यांची होती. "चार महिने मी काय करू?" ताईंनी विचारलं. "तोपर्यंत त्यांना पिऊ देऊ नका," पलीकडचा माणूस म्हणाला आणि पुढचा फोन घ्यायला गेला.

मग ताईंनी विम्याच्या एजंटला गाठलं. वर्षानुवर्षं हप्ते भरले होते, ते काय एजंटचं तोंड बघायला? एजंटने पॉलिसी उघडली, बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा खुलला. "यकृत आहे की यात!"

"देव पावला," ताई म्हणाल्या.

"फक्त दारूने बिघडलेलं चालत नाही."

"मग कशाने बिघडलेलं चालतं?"

एजंट विचारात पडला. माणूस मनाने चांगला होता, त्याला खरोखर मदत करायची होती. "कावीळ छान बसते यात," तो म्हणाला. "साधी कावीळ. होईल का त्यांना?"

असे हेलपाटे घालता घालता ताईंच्या नाकी नऊ आले. शेवटी घरच्या डॉक्टरांनीच एका संस्थेचा पत्ता दिला. जुनी दुमजली इमारत, ओल आलेल्या भिंती, पण स्वयंपाकघर लख्ख आणि माणसं कामात. तिथल्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि बोलणं असं की समोरच्याने पोटात ठेवलेलं आपोआप ओठावर यावं. त्यांनी कागद पुढे ओढला.

"किती पितात?"

"तशी थोडीच," ताई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ती नजर ताईंनी ओळखली. माळ्याकडे बघत 'बरं, थोडंच सामान आहे ना?' असं म्हणताना त्यांची स्वतःची नजर अशीच होई.

"माझ्याकडे एकोणीस खाटा आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि एकोणीसच्या एकोणीस थोडी पिणाऱ्यांनी भरल्यात. बरं. मनाने तयार आहेत ना ते? इथे त्यांची स्वतःची सही लागते. फसवून आणलेला माणूस मी ठेवत नाही. ठेवला तरी तो राहत नाही."

"तयार? अहो, एका पायावर तयार आहे," ताई म्हणाल्या. बापूला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं.

"आणि एक सांगते. इथे येईपर्यंत घरच्या घरी एकदम बंद करायला जाऊ नका. त्याने झटके येतात, जिवावर बेततं. ते उतरवायचं कसं, ते आमच्यावर सोडा."

एवढं सगळं होऊन खाट मात्र रिकामी नव्हती. नवीन जागा तयार होती, तिथे विसावी खाटही मांडता आली असती, पण संस्थेचं तिकडे जाणंच अडलं होतं. का अडलं, ते मॅनेजरने सांगितलं. तो हडकुळा गृहस्थ कपाळाला हात लावूनच जन्माला आल्यासारखा दिसे. "सामान हलवणारे लुटतात हो! तिघांकडून भाव मागवले, तिघांनी तोंडाला येईल ते सांगितलं. आणि आमचं सामान तसं थोडंच आहे."

ताई खुर्चीतून उठल्या. एरवी हे वाक्य ऐकलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई, पण आज त्यांना त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

सामान थोडं नव्हतंच. एकोणीस खाटा, तेवढीच कपाटं, औषधांची लोखंडी तिजोरी, चाळीस माणसांची भांडी, आणि वरच्या मजल्यावर एक पियानो. पियानो कुणा देणगीदाराने दिला होता. वाजवता कुणालाच येत नव्हता, पण देणगीदार दर वर्षी तो बघायला येई, त्यामुळे पियानोला मागे ठेवणं शक्य नव्हतं. भाव सांगणाऱ्या तिघांनी त्या पियानोपायीच आकडे फुगवले होते. ताईंनी जिना पाहिला, वळण पाहिलं, आणि मनाशी हिशेब केला. सौदा पाचच मिनिटांत ठरला. संस्थेचं सगळं सामान ताई फुकट हलवणार, पियानोसकट, आणि संस्था एका माणसाला नव्वद दिवस फुकट ठेवणार. मॅनेजरने आयुष्यात पहिल्यांदाच कपाळावरचा हात काढला असावा.

अडचण एकच होती. तो पियानो त्या जिन्यातून उतरवू शकेल असा माणूसही एकच होता, आणि खाटेवर जायचं होतं ते त्यालाच.

ताईंनी बेत रचला. बापूला सांगायचं, एका वसतिगृहाचं सामान आहे. दिवसभर तो काम करील. संध्याकाळी सगळं लागलं की डॉक्टरीणबाई समोर असतील, खाट समोर असेल, तेव्हा काय ते बोलू. तेव्हा तरी तो नाही म्हणणार नाही. म्हणाला तर? याच्यापुढे ताई विचार करत नव्हत्या. वहिनींनी त्याचे कपडे, दाढीचं सामान, चष्मा आणि ज्याच्यावाचून त्याला झोप येत नसे ती चपटी उशी गुपचूप एका खोक्यात भरावी, तो खोका आदल्या दिवशी ट्रकमध्ये टाकावा, असं ठरलं. धाकट्याला गप्प राहायला सांगितलं. त्याने आनंदाने मान डोलावली. तसाही तो वर्षाला दहा-बारा वाक्यंच बोले.

ठरल्या दिवशी सकाळी सातला ट्रक जुन्या इमारतीपुढे लागला. एकोणीस पेशंट आपापली उशी काखेत मारून डॉक्टरीणबाईंबरोबर बसने पुढे गेले. बापू ट्रकमध्ये चढला, कारण माल रचणं त्याचं काम. चार हमाल आत गेले. आणि वहिनी ताईंना ओढतच भिंतीआड घेऊन गेल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, घात झाला. खोक्यावर नाव घातलं मी."

"काय नाव घातलं?"

"सवयीने हो! बंद केला, पट्टी मारली, आणि हात गेला."

"काय लिहिलंत?"

वहिनींनी डोळे मिटले आणि पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं: "'बापूंचे कपडे व उशी. नव्वद दिवस. दारू सोडवण्याची संस्था, खाट नंबर वीस. गुप्त. संध्याकाळपर्यंत सांगू नये.'"

ताईंनी भिंतीचा आधार घेतला. "गुप्त असंही लिहिलंत?"

"लाल पेनाने," वहिनी म्हणाल्या.

दोघी धावत ट्रकमागे आल्या. खोका जिथे टाकला होता तिथे नव्हता. त्यांनी धाकट्याला विचारलं, तू हलवलास? तो नाही म्हणाला. हमालांना विचारलं, त्यांनी कानावर हात ठेवले. आत बापू पाठमोरा उभा राहून पहिली खाट भिंतीला लावत होता, आणि शीळ घालत होता. शीळ घालणारा माणूस वाचून शीळ घालतो की न वाचता? ताईंना काही ठरवता येईना. बापूच्या हातून एखादं नाव न वाचता पुढे जाणं म्हणजे आक्रीतच होतं. पण वाचलं असतं तर एव्हाना त्याने आकाशपाताळ एक केलं नसतं का?

तो दिवस ताईंना जन्मभर पुरेल इतका लांब गेला. बापू जवळ आला की त्या यादीत डोकं खुपसत. वहिनी नको तिथे पट्टी मारत सुटल्या, आणि मॅनेजरचा डबा त्यांनी त्याच्या देखत खोक्यात बंद केला. बापू मात्र शांत होता. सकाळचा त्याचा ठरलेला घोट त्याने घेतला होता, हे ताईंना वासावरून कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या वासाने त्यांना बरं वाटलं. निदान झटके तरी येणार नव्हते. खोल्यांतून फिरताना तो सामान बघत होता. एकसारखे एकोणीस मग आणि एक नवा कोरा, बाहेरून लागणाऱ्या कड्या, तिजोरीतली औषधं. नेहमीप्रमाणे ताईंच्या कानात काहीतरी पुटपुटेल म्हणून त्या वाट बघत राहिल्या. तो काही बोलला नाही.

दुपारी पियानोची पाळी आली. चार हमाल, धाकटा, आणि वळणावर दोर धरून बापू. "डावीकडे दोन बोटं. थांब. श्वास घे. आता पाय खाली." पियानो एकेक पायरी उतरत होता. मॅनेजर खाली डोळे मिटून उभा होता. वळणावर येताच बापूचा हात थरथरला. थोडाच, पण दोर हातभर सरकला आणि आतून पियानोने स्वतःहून एक भसाडा सूर काढला. सगळे जागच्या जागी गोठले.

बापूने आपल्या हाताकडे पाहिलं. मग धाकट्याला हाक मारली. "तू धर. मी सांगतो तसं कर. माझा हात आज भरवशाचा नाही."

सव्वीस वर्षांत बापूने दोर दुसऱ्याच्या हातात दिला नव्हता. एकदा बोट मोडलं होतं तेव्हाही नाही. ताई वरच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी यादी मिटली आणि धाकट्याच्या हातांकडे बघत राहिल्या. पियानो खाली पोचला, मॅनेजरने डोळे उघडले, आणि आनंदाच्या भरात त्याने चुकून धाकट्यालाच मिठी मारली.

नव्या जागेत माल उतरवता उतरवता पाच वाजले. खाटा लागल्या, कपाटं लागली, तिजोरी लागली. यादीतला शेवटचा नंबर, एकशे शहाऐंशी, म्हणजे पियानोचं स्टूल, तेही आत गेलं. ताईंनी यादीत खूण केली आणि त्या ट्रकमागे आल्या. आत सगळ्यात पुढे, चालकाच्या केबिनच्या भिंतीला टेकून, बापू बसला होता. त्याच्या मांडीवर खोका होता. लाल अक्षरं इथूनसुद्धा दिसत होती.

ताई फळीवरून आत चढल्या आणि त्याच्यासमोर गोणपाटावर बसल्या. 

"सकाळी सातला वाचलं," बापू म्हणाला. "मग सगळ्यात आधी, अगदी आत रचलं. म्हणजे सगळ्यात शेवटी उतरणार. म्हटलं, दिवसभर विचार करायला मिळेल."

"रागावलास?"

"रागावलो ना. दहाला पळून जाणार होतो. मग म्हटलं, हा पियानो तुम्ही लोक फोडाल." त्याने खोक्यावरून हात फिरवला. "मग पियानो झाला. मग पळावंसं वाटेना. दोर सुटला होता गं, ताई. माझ्या हातून दोर सुटला."

"हो. बघितलं मी."

 बाहेर वहिनी आणि धाकटा उगीचच दोर गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

"पण एक सांगतो," बापू अचानक मुकादमाच्या आवाजात म्हणाला. "हा खोका तुझ्या यादीत नाही. यादीत नाही तो माल उतरत नाही. नियम तुझा आहे."

ताईंनी मुकाट्याने यादी काढली, त्याच्याकडून नंबरांची पट्टी घेतली आणि लिहिलं: एकशे सत्याऐंशी, खोका एक, कपडे व उशी.

"आणि एकशे अठ्ठ्याऐंशी?"

"एकशे अठ्ठ्याऐंशी काय?"

बापूने पट्टी परत घेतली, पुढचा नंबर सोलला आणि आपल्याच खिशावर चिकटवला. ताईंना हसूही आलं आणि डोळेही भरून आले. त्यांनी लिहिलं: बापू, एक नग.

"आधीचे ओरखडे?" बापूने विचारलं.

ताईंचं पेन रकान्यावर थांबलं. मग त्यांनी लिहिलं: थोडे.

बापूने मान वाकडी करून वाचलं आणि तो हसला, पण ताईंना ते हसणं लागलं. "थोडे? वा! गिऱ्हाइकांना फाडून खातेस तू या शब्दावरून."

ताईंनी तो शब्द खोडला. मग त्या लिहू लागल्या. दारू, अकरा वर्षं. आधी रात्री, मग दुपारी, आता सकाळी उठल्यावर. रोजची एक बाटली, कधी दीड. "दीडच लिही," बापू म्हणाला. जिन्यावरून दोनदा पडला. गिऱ्हाइकाचा आरसा फोडला, दोष हमालावर घातला. "तो हमाल सोडून गेला," बापू म्हणाला, "तेही लिही." वहिनींचं शिवणयंत्र विकलं. यकृताला सूज. हात थरथरतो. रकाना संपला, ताई समासात गेल्या, समास संपला तेव्हा त्यांनी कागद उलटला. आणि तिथे, बापूने सांगितलं नव्हतं तरी, त्यांनी लिहिलं: बहिणीने एकोणतीस वेळा ताप आहे असं सांगितलं. एकदाही ताप नव्हता. लोक काय म्हणतील याची भीती वाटली.

बापूने ते वाचलं. मग बराच वेळ नाक पुसत राहिला. "हा तुझा ओरखडा आहे," तो म्हणाला. "माझ्या यादीत कशाला?"

"एकाच ट्रकमधला माल आहे," ताई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी यादी उभ्या उभ्या वाचली, दोन्ही बाजू. मग चष्मा काढून पुसला. "इतका खरा फॉर्म माझ्याकडे आजवर कुणी भरून दिला नाही," त्या म्हणाल्या. "एका पायावर तयार म्हणाला होतात, ते मात्र मला तेव्हाही पटलं नव्हतं." त्या बापूकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

"भीती वाटते," बापू म्हणाला. "राहीन की नाही, ठाऊक नाही. पण माल तर आता उतरलाय. सही कुठे करू?"

त्याने सही केली. थरथरत्या हाताने, पण ती त्याचीच होती. मॅनेजरला मात्र बापूने सोडलं नाही. पोचपावतीवर एकशे अठ्ठ्याऐंशी नग मिळाल्याची सही करवून घेतली, वर शिक्काही मारायला लावला, आणि पिवळी प्रत ताईंच्या हातात दिली. "नव्वद दिवसांनी न्यायला येशील तेव्हा ही घेऊन ये," तो म्हणाला. "एकेक ओरखडा ताडून घे. जुने सगळे असतील. नवा एकही नको, एवढंच बघ."

मग तो खोका काखेत मारून आत गेला. दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांच्याजवळ तो क्षणभर थांबला, काहीतरी म्हणाला, आणि दार लागलं.

ट्रक निघाला. पुढच्या बाकावर तिघं दाटीवाटीने बसली होती. एरवी तिथे चौघं असत आणि बापूचं कोपर कुणाच्या ना कुणाच्या बरगडीत असे. आज जागा प्रशस्त होती आणि ती प्रशस्त जागा ताईंना मुळीच आवडली नाही.

"काय म्हणाला तो दारात?" ताईंनी विचारलं.

"म्हणाले, उशी असलेल्या खोक्यावर 'वर वजन ठेवू नये' लिहायचं असतं. इतक्या वर्षांत शिकलीस काय?" वहिनी हसल्या आणि हसता हसता एकदम रडायला लागल्या, अगदी पहिल्यासारख्या, मोठ्यांदा. ताईंना ते रडणं ऐकून हायसं वाटलं. धाकट्याने वर्षातलं एक वाक्य खर्च केलं. "येईल तो," तो म्हणाला आणि नाक ओढत गिअर टाकला.

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. अनोळखी बाईचा आवाज होता. घर बदलायचंय म्हणाली, दोन खोल्या आहेत, एक कपाट, चार भांडी. मग जरा थांबली, आवाज खाली आला, आणि म्हणाली, "सामान तसं थोडंच आहे हो."

वहिनींनी रडणं थांबवून ताईंकडे पाहिलं. धाकट्यानेही पाहिलं. आता बाईची धडगत नव्हती.

ताईंनी मांडीवरची पिवळी प्रत नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मी उद्या येते. मग किती आहे ते दोघी मिळून सावकाश बघू."